जुन्या गाडीला पॉवर स्टेअरिंग बसवताय? आधी हे वाचा

सासवडहून दिवे घाट उतरून जुनी सुमो किंवा जीप पुण्याच्या मार्केट यार्डात घेऊन जाणाऱ्याला विचारा, हडपसरच्या गर्दीत गाडी वळवता वळवता खांदे भरून येतात. म्हणून बरेच जण पॉवर स्टेअरिंग बसवून घ्यायचं म्हणतात. पुण्यात नाना पेठेत जुन्या-नव्या स्पेअर पार्टची दुकाने आहेत. पण खर्चाआधी काही गोष्टी समजून घ्या.

आधी तपासा : टायरमध्ये हवा कमी, बॉल जॉइंट घट्ट, ग्रीस संपलेले किंवा अलाइनमेंट बिघडलेले असेल तरी स्टेअरिंग जड होते. हे काम थोडक्यात भागते.

प्रकार दोन : हायड्रॉलिकमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो आणि तेलाच्या दाबाने चाके वळायला मदत होते. इलेक्ट्रिकमध्ये मोटार बॅटरीवर चालते, त्यामुळे बॅटरी आणि अल्टरनेटर दमदार लागतात.

काय बदलते : हायड्रॉलिकसाठी स्टेअरिंग बॉक्स किंवा रॅक, पंप, त्याचा ब्रॅकेट, पुली, पट्टा, तेलाची टाकी आणि जास्त दाबाचे होज. त्याच मॉडेलच्या पॉवर स्टेअरिंगवाल्या गाडीचा पूर्ण संच मिळाला तर उत्तम. स्टेअरिंगचा रॉड कापून वेल्डिंग करतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला सरळ नाही म्हणा. तो जोड घाटात तुटला तर हातात काहीच राहत नाही.

कागदपत्रे : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर बंधने आहेत. आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा.

बसवल्यावर : अलाइनमेंट करून घ्या. तेल कंपनीने सांगितलेलेच टाका. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून तसेच धरून ठेवू नका, पंप तापतो.

सगळ्यात महत्त्वाचे : डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय असेल तर ती आजच मोडा. इंजिन बंद झाले की पंप थांबतो. चाके वळतात, पण स्टेअरिंग पहिल्यापेक्षाही जड लागते. ब्रेकची मदतही दोन-तीन दाबांत संपते. चावी काढली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकते. वाचलेले लिटरभर डिझेल जिवापेक्षा महाग नाही.