शेवटचा एपिसोड आणि मार्च महिना

आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये एक हार्ड डिस्क फिरायची. मूळ मालक कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्यात मारधाडीच्या अ‍ॅनिमेंच्या ढिगाखाली 'के-ऑन!' नावाचं एक फोल्डर होतं. पाच शाळकरी मुली बँड काढतात आणि सरावाच्या नावाखाली चहा पितात, केक खातात. बस, एवढंच. मुलांच्या हॉस्टेलमध्ये आपण हे बघतो असं सांगायची सोय नव्हती, त्यामुळे मी इअरफोन लावून, भिंतीकडे तोंड करून बघायचो. दुसऱ्या सीझनचा चोविसावा एपिसोड उरला तेव्हा थांबलो. फायनल इयर संपलं तरी तो उघडला नाही. कॉलेज सोडताना डिस्क ज्युनियरकडे गेली, फोल्डर तेवढं लॅपटॉपवर कॉपी करून घेतलं.

कार्टूनमधल्या मुलींचा निरोप घेणं इतकं जड का जावं? याचं थोडंफार उत्तर जपानी कॉमिक्सच्या इतिहासात आहे.

'योनकोमा' हा तिकडचा जुना प्रकार. एकाखाली एक चार चौकटी, शेवटच्या चौकटीत विनोद. माचिको हासेगावा यांनी १९४६ मध्ये सुरू केलेली 'साझाए-सान' ही त्यातली बहुधा सगळ्यांत लाडकी. साध्या कुटुंबातल्या कुरबुरी, दुसरं काही नाही. १९६९ मध्ये तिची टीव्ही मालिका झाली आणि ती अजूनही रविवारी संध्याकाळी लागते. पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण त्या घरातलं पोर मोठं झालेलं नाही. आपला चिंटू १९९१ पासून 'सकाळ'मध्ये यायचा, तोही कधी दहावीला बसला नाही. चार चौकटींच्या जगात वेळ साचत नाही. रोज पाटी कोरी, त्यामुळे निरोपाचा प्रश्नच येत नाही.

१९९९ मध्ये कियोहिको आझुमा यांनी 'आझुमांगा दायोह' सुरू केली आणि या नियमाला हात घातला. चौकटी चारच, विनोदही फुटकळ, पण मुली दरवर्षी वरच्या वर्गात जात राहिल्या. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतं. त्या चक्रात उन्हाळ्याची सुट्टी येते, मग खेळांचे सामने, शाळेचं गॅदरिंग, थंडी, परीक्षा आणि पुन्हा एप्रिल. हायस्कूल तीन वर्षांचं, आणि मासिकातली मालिकाही साधारण तेवढीच चालली. २००२ मध्ये मुलींचा शाळा सोडण्याचा समारंभ झाला आणि गोष्ट संपली. हायस्कूलच्या पहिल्या वर्षात ती वाचायला घेतलेला वाचकही तोवर शाळेबाहेर पडला होता. पात्रांचं कॅलेंडर आणि वाचकाचं कॅलेंडर एकच, ही साधी वाटणारी युक्ती पुढच्या अनेक वर्षांना पुरली.

त्याच वर्षी होबुन्शा या प्रकाशनाने 'मांगा टाइम किरारा' हे चार चौकटींचं मासिक काढलं. अशा गोष्टींना पुढे 'निचिजो-केई' म्हणजे 'रोजच्या जगण्याच्या' गोष्टी असं नाव पडलं. यांत काहीच घडत नाही, अशी तक्रार नेहमी होते. तक्रार बरोबर आहे. खलनायक नाही, प्रेमाचा त्रिकोण नाही, स्पर्धा जिंकायची नाही. पुढे सरकतं ते फक्त कॅलेंडर. पण कॅलेंडरइतकं निर्दय दुसरं काय असतं?

काकिफ्लाय या टोपणनावाच्या चित्रकाराची 'के-ऑन!' याच मासिकात २००७ मध्ये सुरू झाली. क्योटो अ‍ॅनिमेशनने २००९ मध्ये तिची टीव्ही मालिका केली. दिग्दर्शिका नाओको यामादा तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि दिग्दर्शक म्हणून तिची ही पहिलीच मालिका. पहिल्या सीझनने डझनभर एपिसोडांत शाळेची दोन वर्षं उरकली. २०१० च्या दुसऱ्या सीझनमध्ये मात्र उरलेल्या एकाच वर्षाला चोवीस एपिसोड दिले. वेगाच्या भाषेत सांगायचं तर मालिका एकदम चौपट मंदावली. शेवट जवळ येतोय म्हटल्यावर ती पाय ओढत चालू लागते. एक अख्खा एपिसोड खोलीत किती उकडतंय यावर आहे! पहिल्यांदा मला तो कंटाळवाणा वाटला होता.

विसाव्या एपिसोडमध्ये गॅदरिंगचा कार्यक्रम दणक्यात होतो. नंतर पाचही जणी क्लबच्या खोलीत भिंतीला टेकून बसतात. पुढे काय काय करायचं याची यादी सुरू होते आणि बोलता बोलता पुढच्या वर्षीचं गॅदरिंग येतं. मग लक्षात येतं, की पुढचं वर्ष नाहीये. खिडकीतलं ऊन उतरत जातं. यामादाने इथे काहीही जास्तीचं केलेलं नाही.

त्या मालिकेतली शाळा शिगा प्रांतातल्या तोयोसातो गावातल्या जुन्या शाळेवरून घेतली आहे. १९३७ ची इमारत, वास्तुकार विल्यम मेरेल व्होरिज. जिन्याच्या कठड्यावर ससा आणि कासव बसवलेले आहेत. २००२ च्या सुमारास गावाच्या प्रशासनाने ती पाडायचं ठरवलं, तेव्हा गावकरी कोर्टात गेले आणि इमारत वाचली. शाळा शेजारच्या नव्या इमारतीत गेली. मुलं निघून गेली आणि वास्तू राहिली. आता मालिकेचे चाहते तिथे येतात. एका खोलीत चहाचे कप मांडून ठेवलेले असतात.

आता शेवटच्या एपिसोडबद्दल. आपल्याकडे कॉलेजात ज्युनियर सिनियरना फेअरवेल देतात. भाषणं होतात, टोपणनावांच्या पट्ट्या गळ्यात पडतात. इथे उलट आहे. युई, मिओ, रित्सु आणि मुगी या चौघी शाळा सोडून जाणार. पाचवी आझुसा एक वर्षाने लहान, ती मागे राहणार. जाणाऱ्या चौघी गुपचूप एक गाणं बांधतात आणि फक्त तिच्यासाठी वाजवतात. जाणाऱ्यांपुढे नवी जागा असते, राहणाऱ्याच्या वाट्याला तीच खोली येते, हे त्या चौघींनी ओळखलेलं असतं. प्रेक्षकही आझुसाच असतो. मालिका निघून जाते, आपण खुर्चीत तिथेच.

हे मला कळलं ते उशिरा. २०१९ च्या जुलैमध्ये मी नोकरीला लागून दोन आठवडे झाले होते. १८ तारखेला फोनवर बातमी आली. क्योटोच्या फुशिमी भागातल्या क्योटो अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओला एका माणसाने पेट्रोल ओतून आग लावली होती. ३६ जण गेले. हा स्टुडिओ १९८१ मध्ये सुरू झाला तो सेल रंगवण्याच्या कामापासून, शेजारच्या गृहिणींना हाताशी धरून. तुकड्यावर पैसे देण्याची रीत असलेल्या धंद्यात त्यांनी चित्रकारांना महिन्याचा पगार दिला, घरात शिकवून तयार केलं. त्या दिवशी गेलेल्यांत 'के-ऑन!'वर काम केलेली माणसंही होती.

त्या रात्री पीजीच्या खोलीत मी लॅपटॉपवरचं फोल्डर उघडलं आणि चोविसावा एपिसोड लावला. या वेळी इअरफोन लावले नाहीत. रूममेटने विचारलं, काय बघतोयस रे? सांगितलं. तो बाजूला येऊन बसला, आधीचा एकही एपिसोड न बघता.

समारंभ झाला, गाणं झालं, शेवटची नामावली सुरू झाली. सगळी नावं कांजीत होती, मला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. रूममेटचा हात पुढचं काही लावायला स्पेसबारकडे गेला. मी म्हटलं, थांब, संपू दे.