रताळ्याची स्पॅनिश नावे

रताळे (शास्त्रीय नाव: आयपोमिया बटाटास) हे कन्व्हॉल्व्ह्युलेसी कुळातील एका वेलीचे गोड, पिष्टमय मूळ होय. त्याचे मूलस्थान उष्णकटिबंधीय अमेरिका असून स्पॅनिश भाषेत ते मुख्यतः बाताता, कामोते व बोनियातो या नावांनी ओळखले जाते. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्दही मुळात रताळ्याच्याच नावावरून आलेला आहे.

व्युत्पत्ती

‘बाताता’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतील आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस कोलंबसच्या सफरींनंतर रताळे स्पेनमध्ये पोहोचले. अँडीज पर्वतातील बटाटा तेथे त्यानंतर अनेक दशकांनी आला. बटाट्याचे केचुआ भाषेतील नाव ‘पापा’ असे होते. बाताता व पापा यांच्या मिश्रणातून स्पेनमध्ये बटाट्यासाठी ‘पाताता’ हा शब्द रूढ झाला. लॅटिन अमेरिकेत मात्र ‘पापा’ हेच नाव टिकले. इंग्रजीतील ‘पोटॅटो’ हा शब्दही प्रथम रताळ्यासाठीच वापरला जात असे.

‘कामोते’ हे नाव मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील ‘कामोत्ली’ या शब्दावरून आले आहे.

प्रादेशिक वापर

मेक्सिको, मध्य अमेरिका व पेरू येथे कामोते, अर्जेंटिना व पोर्तो रिको येथे बाताता, तर क्युबा, उरुग्वे व स्पेनच्या बऱ्याच भागांत बोनियातो हे नाव प्रचलित आहे. मनिला व आकापुल्को यांमधील जहाजवाहतुकीच्या काळात (१५६५–१८१५) फिलिपिन्सचा मेक्सिकोशी निकट संबंध होता. तेथेही रताळ्याला ‘कामोते’च म्हणतात.

खाद्यपदार्थ

पेरूमध्ये लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशांच्या ‘सेविचे’ या पदार्थासोबत उकडलेले रताळे वाढतात. त्याच्या गोडीने आंबटपणा सौम्य होतो. मेक्सिकोतील पुएब्ला शहर रताळ्याच्या मिठाईसाठी प्रसिद्ध आहे. अर्जेंटिनात रताळ्याची घट्ट वडी, ‘दुल्से दे बाताता’, चीजबरोबर खातात. स्पेनच्या वालेन्सिया प्रांतात नाताळात रताळ्याचे सारण भरलेल्या करंजीसारख्या पदार्थाची प्रथा आहे.

मराठीशी संबंध

पोर्तुगीजांनी ‘बाताता’ हा शब्द बटाट्यासाठी स्वीकारला व रताळ्याला ‘बाताता-दोसे’, म्हणजे गोड बटाटा, म्हटले. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला ‘बटाटा’ त्यामुळे बटाट्याचाच वाचक ठरला. रताळ्याचे नाव वेगळे राहिले. म्हणून स्पॅनिश पाककृतीत ‘बाताता’ असे लिहिलेले आढळल्यास त्याचा अर्थ रताळे, तर पोर्तुगीज पाककृतीत नुसत्या ‘बाताता’चा अर्थ बटाटा असा घ्यावा लागतो.