सार्वजनिक आरोग्य संस्थांचे कार्यमूल्यमापन

सार्वजनिक आरोग्य संस्थांचे कार्यमूल्यमापन म्हणजे शासकीय आरोग्य केंद्रे व रुग्णालये यांच्या सेवेची उपलब्धता, दर्जा आणि परिणाम ठरावीक निर्देशकांच्या आधारे तपासण्याची पद्धत होय. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, उदाहरणार्थ बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर (तालुका लोणार) परिसरात, प्राथमिक आरोग्यसेवा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येते. मूल्यमापनाचे निकष मात्र मुख्यतः राष्ट्रीय स्तरावर ठरतात.

पार्श्वभूमी

अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा संरचना, प्रक्रिया आणि फलित या तीन अंगांनी तपासावा, असे मांडले. भारतात २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यानंतर २००७ मध्ये भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके प्रसिद्ध झाली. मैदानी प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ व आदिवासी भागात अनुक्रमे ३,००० व २०,००० लोकसंख्येमागे, असे प्रमाण मानले जाते.

पद्धती

बाह्यरुग्ण, प्रसूती, लसीकरण इत्यादींची मासिक आकडेवारी २००८ पासून आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत संगणकाद्वारे भरली जाते. राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांत रुग्णांचे हक्क, संसर्ग नियंत्रण, फलित यांसह आठ विभाग आहेत. निरीक्षण, कर्मचाऱ्यांशी व रुग्णांशी संवाद आणि नोंदींची तपासणी करून प्रत्येक बाबीस ०, १ किंवा २ गुण दिले जातात. एकूण किमान ७० टक्के गुण ही प्रमाणपत्राची एक अट आहे. स्वच्छतेसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ पुरस्कार योजना राबवली जाते.

लोकाधारित देखरेख

महाराष्ट्रात २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्यातील ‘साथी’ ही संस्था तिच्या समन्वयात सहभागी होती. ग्रामस्थ स्वतः सेवांची प्रतवारी करून हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांचे प्रगतिपत्रक तयार करीत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडीत. त्यामुळे कागदोपत्री नोंदीबरोबरच सेवा घेणाऱ्याचा अनुभवही मूल्यमापनात आला.

मर्यादा

एकाच आकड्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. जोखमीच्या गरोदर मातेस वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठविल्यास आरोग्य केंद्रातील प्रसूतींची संख्या घटते. तरीही ती उत्तम सेवाच असते. याउलट, केवळ उद्दिष्टपूर्तीवर भर दिल्यास जे मोजले जाते तेवढेच काम होण्याचा व नोंदी फुगविल्या जाण्याचा धोका असतो. लहान केंद्रात घटनाच थोड्या असल्याने एखाद्या मृत्यूनेही वर्षाचे प्रमाण एकदम बदलते. शिवाय दवाखान्यापर्यंत पोहोचूच न शकलेल्या रुग्णांची नोंद केंद्राच्या नोंदवहीत होत नाही. म्हणून संस्थेची आकडेवारी, घरोघरचे सर्वेक्षण आणि लोकांचे अनुभव यांचा एकत्रित विचार करावा लागतो.