पूर्वज मोडीत बोलतात

खानदानाची माहिती काढायची म्हटलं की आपण उर्दू-फारसी कागद शोधतो. पण महाराष्ट्रातल्या मुसलमानांच्या वाडवडिलांच्या नोंदी अनेकदा मोडीत आहेत. गावगाड्यात मुलाणी बलुतेदार होता, शिकलगार हत्यारांना धार लावी, काझीला इनाम जमीन असे. हे सारं महसुली दप्तरात उतरलं. पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दप्तर मुख्यतः मोडीतच आहे. तहसील कचेरीतल्या कित्येक जुन्या जन्म-मृत्यू नोंदीही तशाच.

१९५० च्या सुमारास मोडी व्यवहारातून गेली आणि आपल्याच घरचे कागद आपल्याला परके झाले. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांतच आहे. बुजुर्गांना मूळ गाव, जुनं आडनाव, धंदा विचारून आजच लिहून ठेवा. मुलांना उर्दूबरोबर मोडीही शिकवा.