अर्जुन व त्याचे भाईबंद (वर्धा जिल्हा)

अर्जुन : शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया अर्जुना, कुल काँब्रेटेसी. अर्जुनसादडा या नावानेही परिचित. २० ते २५ मी. उंच वाढणारा हा वृक्ष पाण्याकाठचा आहे. वर्धा, धाम, बोर, वणा या नद्या आणि त्यांना मिळणारे नाले यांच्या काठी, उन्हाळ्यातही खाली ओल राहते अशा जागी तो वाढतो. साल पांढरट राखाडी व गुळगुळीत असून तिचे पातळ, मोठे पापुद्रे सुटतात. पाने लांबट, देठाजवळ दोन बारीक ग्रंथी. एप्रिल-मेमध्ये पिवळसर पांढऱ्या, पाकळ्या नसलेल्या बारीक फुलांच्या मंजऱ्या येतात. टणक, तंतुमय फळाला उभे पाच पंख असतात.

सर्वांत जास्त गफलत होते ती ऐनाशी (टर्मिनॅलिया एलिप्टिका). ऐनाच्या फळालाही पाच पंख असतात आणि पानेही सारखीच दिसतात. म्हणून केवळ पानावरून निर्णय देऊ नये. ऐनाची साल काळपट, जाड आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. तो बोर व्याघ्रप्रकल्पातल्यासारख्या कोरड्या सागवनात, नदीपासून दूरही वाढतो. कोवळ्या झाडाच्या सालीवरून खात्री होत नाही. अशा वेळी जवळच्या मोठ्या झाडाखाली पडलेले फळ पाहावे. ऐनाचे पंख रुंद, पातळ, त्यांवरील शिरा आडव्या, थेट कडेपर्यंत गेलेल्या. अर्जुनाचे पंख अरुंद, जाड, शिरा वर वळलेल्या. माझ्या मते ही खूण सर्वांत भरवशाची.

बेहडा आणि हिरडा याच प्रजातीतले, पण त्यांच्या फळांना पंख नाहीत. बेहड्याचे फळ गोलसर, करड्या मखमली लवेचे; पाने फांदीच्या टोकाला दाटलेली. हिरड्याचे फळ वाळले की त्यावर पाच कंगोरे उठतात.

वर्गीकरण : लिनीअसने टर्मिनॅलिया ही प्रजाती १७६७ मध्ये मांडली. रॉक्सबर्गने अर्जुन व ऐन यांना पाच पंखांवरून पेंटाप्टेरा या वेगळ्या प्रजातीत घातले होते. १८३४ मध्ये वाइट व आर्नट यांनी अर्जुनाला टर्मिनॅलियात आणले. त्याहून मोठा बदल अलीकडचा आहे. पांढऱ्या सालीमुळे दुरून अर्जुनाचा भास करून देणारा धावडा तोवर अ‍ॅनोजिसस या प्रजातीत होता. त्याची फुले गोल गेंदात येतात आणि पानेही लहान, म्हणून ही वाटणी कुणाला खटकली नव्हती. डीएनएच्या अभ्यासानंतर २०१७ मध्ये ती प्रजातीच टर्मिनॅलियात विलीन करण्यात आली आणि धावडा टर्मिनॅलिया अ‍ॅनोजिसियाना झाला. विदर्भातल्या माळरानावरचा हा डिंकाचा वृक्ष अर्जुनाचा इतका जवळचा नातलग निघावा, ही या कुलातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल.

औषधासाठी अर्जुनाची साल बुंध्याभोवती सलग सोलली तर झाड मरते. काठावरचा मोठा अर्जुन अशा सोलण्यापासून वाचवावा. रोपणासाठी बी गोळा करताना पंख तपासावेत, आणि अर्जुन नाल्याकाठीच लावावा. मुरमाड उतारावर ऐन किंवा धावडा लावावा.