सुरक्षेचा अर्ज 'बंद' कधी म्हणावा?

शिरूर तालुक्यातील रांजणगाव, सणसवाडी आणि शिक्रापूर परिसरात वाहने, सुटे भाग व घरगुती विद्युत उपकरणांचे कारखाने आहेत. दौंड तालुक्यातील कुरकुंभची औद्योगिक वसाहत रसायने आणि औषधी द्रव्यांसाठी ओळखली जाते. एका ठिकाणी प्रेस, क्रेन आणि फोर्कलिफ्टचा धोका, तर दुसऱ्या ठिकाणी ज्वालाग्राही द्रावणे आणि रिॲक्टरचा. सुरक्षा विभागाकडे येणारे अर्ज मात्र दोन्हीकडे सारखेच असतात. वेल्डिंग, उंचावरील काम किंवा टाकीत उतरण्यासाठीचे वर्क परमिट, थोडक्यात टळलेल्या अपघाताचा म्हणजेच 'नियर मिस'चा अहवाल, तपासणीत आढळलेल्या त्रुटींची नोंद. एकेकाळी कार्बन लावून तीन प्रतींत भरले जाणारे हे कागद आता अनेक कारखान्यांत संगणकावर वा मोबाईलवर भरले जातात. अर्ज भरणे त्यामुळे सोपे झाले. खरा प्रश्न सुरू होतो तो 'सबमिट'चे बटण दाबल्यानंतर.

दाखल झालेला प्रत्येक अर्ज एखाद्या 'स्थिती'त असतो. मसुदा, सादर, तपासणीत, परत पाठवलेला, मंजूर, काम सुरू, पडताळणी बाकी, बंद, अशी ही साखळी सर्वसाधारणपणे असते. वरवर पाहता ही कार्यालयीन वर्गवारी वाटते. प्रत्यक्षात स्थितीचा प्रत्येक शब्द दोन गोष्टी सांगतो: या क्षणी जबाबदारी कोणाची आहे आणि जागेवर धोका शिल्लक आहे की नाही. यांपैकी दुसरी गोष्ट चुकली, तर काय होऊ शकते, याचे उदाहरण उत्तर समुद्रात घडले आहे.

पायपर अल्फाचा धडा

६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडील 'पायपर अल्फा' या तेल व वायूच्या फलाटावर दिवसपाळीत एका पंपाची सुरक्षा झडप तपासणीसाठी काढण्यात आली होती. पाळी संपेपर्यंत ती परत बसली नाही. मोकळ्या तोंडावर तात्पुरती धातूची तबकडी लावण्यात आली आणि परमिट 'स्थगित' झाले. त्याच पंपाच्या देखभालीचे दुसरे परमिटही निघाले होते, पण ते काम सुरू झालेले नव्हते. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीला देखभालीचे परमिट ठाऊक होते, झडपेचे नव्हते. पंप सुरू करण्यात आला, गळती झाली आणि स्फोटांच्या मालिकेत १६७ जणांचा बळी गेला. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. परमिट पद्धतीतील ढिलाईवर त्यात स्पष्ट बोट ठेवलेले आहे.

कागद होता, त्याची स्थिती योग्य माणसाला, योग्य वेळी दिसली नाही, एवढेच. म्हणूनच चांगल्या प्रणालीत 'स्थगित' ही स्वतंत्र स्थिती असावी लागते आणि एकाच यंत्रावरील सर्व परमिटे एकत्र दिसावी लागतात. पाळी बदलताना येणाऱ्या पर्यवेक्षकाने ती पाहिल्याची नोंद झाल्याखेरीज जबाबदारी हस्तांतरित होऊ नये. परमिटची मुदत संपली की ते आपोआप 'बंद' होणे मात्र घातक. मुदत संपलेली असते, काम नव्हे.

शेरा, मुदत आणि अधिकार

अर्ज परत पाठविण्याचा अधिकार असणाऱ्याला कारण लिहिणे बंधनकारक असावे. 'अपूर्ण' एवढाच शेरा मिळालेला कंत्राटी कामगार पुढच्या वेळी नियर मिस कळविण्याच्या फंदातच पडत नाही, आणि मग कारखान्याची आकडेवारी फार देखणी दिसू लागते! तपासणीत अडकलेल्या अर्जासाठी धोक्यानुसार मुदत ठरवावी. ती उलटली की अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडे जावा. तुटलेला कठडा आणि पुसट झालेली सूचनापाटी यांना एकच आठवड्याची मुदत देणे हास्यास्पद आहे.

सर्वांत नाजूक टप्पा 'बंद'चा. ज्याने दुरुस्ती केली त्यानेच अर्ज बंद करू नये. दुसऱ्या व्यक्तीने जागेवर जाऊन, शक्य तर छायाचित्रासह, पडताळणी करावी. 'खरेदी आदेश काढला' किंवा 'कामगारांना समज दिली' यावर अर्ज बंद करण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. अशा नोंदी 'काम सुरू' मध्येच राहिल्या पाहिजेत. बंद केलेला अर्ज पुन्हा उघडता यावा, पण कोणी, कधी आणि का उघडला याचा इतिहास कोणालाही पुसता येऊ नये. अपघाताच्या चौकशीत हा इतिहासच प्रथम तपासला जातो.

कायद्याची चौकटही बदलली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयक संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, तसेच धोकादायक प्रक्रिया असल्यास अडीचशे कामगारांपासून, सुरक्षा अधिकारी नेमणे तीनुसार आवश्यक आहे. असुरक्षित परिस्थिती आढळल्यास ती कळविणे हे कामगाराचे कर्तव्यही आहे. मात्र कळविल्यानंतर अर्ज कोणत्या टप्प्यांतून जाईल, हे कारखान्यालाच ठरवावे लागते.

कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीत आणखी एक व्यावहारिक अडचण येते. ज्वालाग्राही वाफा असू शकणाऱ्या भागात साधा मोबाईल नेता येत नाही. तिथे परमिटची छापील प्रतच कामाच्या जागी लावावी लागते. मग पडद्यावरची स्थिती आणि भिंतीवरचा कागद यांत तफावत पडण्याची शक्यता असते. त्यावर उपाय साधा आहे: छापील प्रतीवर तोच क्रमांक असावा, आणि काम संपवून, जागा स्वच्छ करून ती प्रत सहीसह नियंत्रण कक्षात परत आल्याशिवाय संगणकातील परमिट 'बंद' करता येऊ नये.