जुन्या मोटारींचे नवे सुटे भाग

जुनी मोटार पूर्ववत करण्याचे काम बहुतेक वेळा सुट्या भागांपाशी अडते. इंजिन उघडता येते, पत्रा ठोकता येतो, रंग पुन्हा मारता येतो. पण झिजलेला किंवा हरवलेला भाग कुठून आणायचा, हे एकट्या मेस्त्रीच्या हातात नसते. असा भाग तीन वाटांनी मिळतो. गाडी बाजारात असतानाच बनलेला आणि कुणाच्या तरी गोदामात तसाच पडून राहिलेला कोरा माल ही पहिली वाट. भंगारात निघालेल्या गाडीतून भाग काढून घेणे ही दुसरी. या दोन्ही वाटा आटत जाणाऱ्या आहेत, कारण त्या साठ्यात भर पडत नाही. तिसरी वाट म्हणजे तोच भाग नव्याने घडवणे. या तिसऱ्या वाटेचा इतिहास हा मुख्यतः साच्यांचा इतिहास आहे: मूळ साचा कुणी जपला, कुणी मोडीत काढला आणि साचा हाती नसताना कुणी काय केले.

एकाच मापाचे, एकमेकांच्या जागी बसणारे भाग हे मोटारधंद्याचे मूळ भांडवल. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी बनली. तिचा एखादा भाग मोडला तर तो दुकानातून आणून घरच्या घरी बसवता येत असे, म्हणूनच ती शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. मात्र ही सोय मॉडेल विकले जाते तोवर आणि फार तर त्यानंतर काही वर्षे टिकते. पत्रा दाबून दार किंवा मडगार्ड काढणारे पोलादी डाय टनावारी वजनाचे असतात. त्यांना छपराखालची जागा लागते, गंजू नयेत म्हणून निगा लागते आणि नव्या मॉडेलच्या डायना तीच जागा हवी असते. त्यामुळे मॉडेल बंद पडले की यथावकाश डायही भंगारात जातात. कारखान्याच्या हिशेबात यात गैर काही नसते; गाडीच्या आयुष्यात मात्र हाच क्षण निर्णायक ठरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला परकीय चलनाची निकड होती आणि मोटार कारखान्यांवर निर्यातीचा रेटा होता. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या एमजी कारखान्याने १९४५ ते १९४९ या काळात टीसी ही दोन आसनी गाडी सुमारे दहा हजार आणि त्यानंतर १९५३पर्यंत टीडी जवळजवळ तीस हजार बनवल्या. टीडीतल्या बहुसंख्य गाड्या अमेरिकेत गेल्या. लॉस एंजेलिसमध्ये अल मॉस यांनी १९४८ साली अशा ब्रिटिश गाड्यांच्या दुरुस्तीचे दुकान काढले. पुढे दुरुस्तीपेक्षा भागांचा व्यवहार मोठा झाला आणि कारखान्याकडून भाग येणे कमी होत गेले तसे ते बाहेरून बनवून घेणे सुरू झाले. टी मालिकेतल्या गाड्यांना खाली स्वतंत्र चासी आणि वर ॲश लाकडाच्या सांगाड्यावर मढवलेला पत्रा अशी रचना होती. चांगला सुतार आणि चांगला पत्राकारागीर मिळाला की अशी गाडी नव्याने उभी करता येई. साध्या रचनेमुळेच पुनर्निर्मित भागांचा धंदा या गाड्यांवर लवकर पोसला गेला.

त्यानंतरच्या एमजीबीने वेगळाच प्रश्न उभा केला. १९६२ साली आलेली ही गाडी ऑक्टोबर १९८०मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली आणि तिची संख्या पाच लाखांवर गेली. तिला वेगळी चासी नव्हती. वेल्डिंगने एकजीव केलेले पत्र्याचे कवच हाच तिचा कणा. दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, गाडीचा भार पेलतात आणि नेमके तिथेच पाणी व रस्त्यावर टाकलेले मीठ साचते. सिल आतून कुजली की वरून चकचकीत दिसणारी गाडी मधोमध खचू लागते. दार लावताना फट एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद दिसते. ठिगळ लावून काही वर्षे निघतात, पण एका मर्यादेनंतर जोडायलाही धड पत्रा उरत नाही. अशा गाडीला नवे मडगार्ड देऊन काय होणार? तिला नवे कवचच हवे.

ते कवच ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने दिले. ऑस्टिन, मॉरिस, एमजी, ट्रायम्फ अशी नावे एकत्र करून १९६८ साली ब्रिटिश लेलँड हा उद्योगसमूह झाला होता. त्याने १९७५मध्ये जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी ही शाखा काढली. एमजीबी बंद झाल्यावर तिचे विखुरलेले मूळ डाय आणि कवच जोडताना भाग धरून ठेवणारे सांगाडे गोळा केले गेले, दुरुस्त केले गेले आणि १९८८ साली ऑक्सफर्डशायरमधल्या फॅरिंग्डन इथे एमजीबीचे संपूर्ण कवच पुन्हा बनू लागले. बंद पडलेल्या गाडीचे कवच तिच्याच डायमधून, पुन्हा आणि विक्रीसाठी निघावे, ही या धंद्यातली सर्वांत मोठी झेप होती. पुढे मिजेट, टीआर सिक्स आणि मिनी यांची कवचेही आली. एमजीबीच्या कवचाचा दर्जा इतका भरवशाचा निघाला की रोव्हर कंपनीने त्याच्याच आधारावर आरव्ही-८ ही नवी गाडी बाजारात आणली. तिच्या सुमारे दोन हजार गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या. मालकांच्या सोयीसाठी जपलेल्या डायमधून कारखान्याचे नवे मॉडेल निघाले, असे उदाहरण मोटारींच्या इतिहासात विरळाच. २००१ साली ही संस्था खासगी मालकीत गेली. तिचे काम आता विटनी इथून चालते.

एमजीबीच्या कवचाच्या याच प्रयोगामुळे चांगला आणि वाईट पुनर्निर्मित भाग यांतला फरकही नीट कळला. मूळ डायमधून निघालेल्या मडगार्डची किनार बॉनेटच्या किनारीला बसते. बाजारातले मडगार्ड हाती घेऊन त्यावरून डाय केला, तर त्या मडगार्डला पूर्वी बसलेला ठोकाही डायमध्ये उतरतो. पत्रा पातळ वापरला तर वेल्डिंगच्या उष्णतेने तो लगेच वाकतो. स्वस्त म्हणून घेतलेला पत्र्याचा भाग बसवायला कारागिराचे इतके तास जातात की महाग भाग परवडला असता.

ओतीव भागांत ही चूक आणखी सूक्ष्म असते. वितळलेले राखाडी बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, ॲल्युमिनियम त्याहून थोडे जास्त. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फाउंड्रींत लाकडी पॅटर्न करणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तो आकसण्याचा हिशेब धरून वाढीव खुणांच्या पट्टीने माप घेतो. पण जुनाच भाग पॅटर्न म्हणून वाळूत दाबला, तर नवा भाग तेवढ्याने लहान निघतो. त्यात जुन्या भागाची झीजही मिळवली की तीनशे मिलिमीटरच्या भागात तीन मिलिमीटरहून अधिक फरक पडतो आणि बोल्टची भोके जुळत नाहीत.

क्रोमच्या बंपरवर आधी तांबे, मग निकेल आणि शेवटी क्रोमचा अगदी पातळ थर चढवणे ही मुलाम्याची कसदार रीत. गंजापासून बचाव मुख्यतः निकेल करते, चकाकी क्रोम देते. खालचे थर वाचवले तरी बंपर दुकानात तितकाच चमकतो आणि दोन पावसाळ्यांत त्याला फोड येतात. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर हा काही रुपयांचा भाग. पितळी पट्टी धरणारा रिव्हेट जरा जास्त खोल गेला, किंवा प्लास्टिकमध्ये कार्बनचे प्रमाण जास्त झाले, की ठिणगी आतल्या दांड्यात उतरते आणि गाडी रस्त्यात बंद पडते. ब्रिटनमध्ये अशा नव्या रोटरांनी इतका त्रास दिला की काही छोट्या उत्पादकांनी रिव्हेटच नसलेला रोटर काढला. इथे नक्कल मूळ वस्तूपेक्षा सुधारावी लागली.

रबरी भागांतही मूळ मालाचा हट्ट धरून चालत नाही. चाळीस वर्षे डबीत राहिलेली कोरी ब्रेकची वॉशर ही कोरी असली तरी वाळलेली असते. तिच्या भरवशावर जीव सोपवू नये. शिवाय इंधन बदलले आहे. भारतात पेट्रोलमधले इथेनॉल २०२५पर्यंत वीस टक्क्यांवर गेले आणि जुन्या मिश्रणाचे रबर त्यात फुगते, मऊ पडते किंवा तडकते. पेट्रोलच्या नळ्या, कार्बोरेटरचा डायफ्राम आणि पंपाच्या सील इथेनॉल सोसणाऱ्या आधुनिक रबराच्याच हव्यात. दिसणाऱ्या भागात जुनेपणा जपावा आणि सुरक्षेच्या भागात काळाबरोबर जावे, ही विभागणी जाणते कारागीर सर्वत्र पाळतात.

भारतात हा धंदा छंदातून आला नाही, टंचाईतून आला. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली होती आणि फोर्डचाही मुंबईत कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५३मध्ये धोरण ठरवले: देशातच भाग बनवण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम ज्याच्याकडे नाही, त्याने जोडणी बंद करावी. दोन्ही अमेरिकन कंपन्या गेल्या. रस्त्यावरच्या शेव्हरोले, ब्यूक आणि फोर्ड मात्र राहिल्या आणि आयात परवान्यावाचून त्यांचे भाग येईनात. मग लेथवर पिन वळवणे, सिलिंडरला स्लीव्ह घालून बोअर पुन्हा मापात आणणे, दुसऱ्या गाडीचा पिस्टन घासून बसवणे ही गॅरेजची रोजची विद्या झाली. मुंबईत ऑपेरा हाउस, चोरबाजार आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मल्लिक बाजार अशा पेठा या गरजेवर वाढल्या. त्याच काळात इंडिया पिस्टन्स, बंगळुरूची मायको, ल्युकस-टीव्हीएस, ब्रेक्स इंडिया असे सुट्या भागांचे मोठे कारखानेही उभे राहिले. म्हणून एकाच गल्लीत शेजारी शेजारी दोन दर्जे मिळत: कंपनीच्या डबीतला माल आणि डुप्लिकेट.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली. १९६४मध्ये तिचे डी हे रूप आले, १९७०च्या दशकात तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, पण १०८९ सीसीचे इंजिन आणि कवचाची मूळ घडण २०००च्या सुमारास गाडी बंद होईपर्यंत टिकली. इटलीत काही वर्षांतच मागे पडलेली गाडी इथे साडेतीन दशके बनत राहिली. त्या काळात तिच्या भागांची पुनर्निर्मिती करण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी भागांची मागणी कायम ठेवली होती आणि दुकानदार त्या मागणीवर माल भरत होते. टॅक्सींना २०१३मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा आली, शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली आणि तो आधारही गेला. क्लच प्लेट, ब्रेक शू असे झिजणारे भाग अजून मिळतात. दाराची बीडिंग, डॅशबोर्डवरचे मीटर, मागच्या दिव्यांची भिंगे, क्रोमच्या पट्ट्या यांच्यासाठी मात्र मालकांना पेठा पालथ्या घालाव्या लागतात. टॅक्सीवाल्याने कधी न मागितलेले भाग दुकानदाराने तरी का भरावेत?

परदेशात या टप्प्यावर काही ठिकाणी कारखानेच परत पुढे आले. मर्सिडीज-बेंझने १९९३ साली फेलबाख इथे जुन्या गाड्यांचे केंद्र काढले. निसानने २०१७ साली स्कायलाइन जीटी-आरचे भाग पुन्हा बनवायला घेतले, टोयोटाने २०२०पासून सुप्रा आणि अवघ्या ३३७ बनलेल्या २०००जीटीचे. पोर्शने २०१८मध्ये ९५९ या गाडीचा क्लच सोडवणारा लिव्हर धातूच्या भुकटीपासून लेझरने थर चढवत छापला. जेमतेम तीनशेच्या घरात बनलेल्या गाडीसाठी ओतकामाचा नवा साचा करणे परवडणारे नव्हते. त्रिमितीय स्कॅन करून संगणकावर झीज आणि ठोके दुरुस्त करता येतात, हा या तंत्राचा खरा फायदा. डायची उणीव त्याने काही अंशी भरून निघते. पण स्कॅन करायला एक तरी न झिजलेला नमुना लागतो.

भागांच्या दर्जाला आता कायद्याचीही बाजू आहे. ब्रिटनमध्ये मूळ नमुन्याचेच नवे कवच बसवले आणि इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल यांसारखे दोन मुख्य भाग जुन्या गाडीचे ठेवले, तर जुना नोंदणी क्रमांक राखता येतो, असा नियम २०२५पर्यंत होता. भारतात जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी आली. पाटीवर व्हीए ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षांची. वाहन मूळ रूपात असावे, चासी, कवच किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. सुरुवातीच्या फियाट ११०० डी या वयात आल्या आहेत. पद्मिनी त्यांच्या मागोमाग येत आहेत. ज्या दुकानांत, गॅरेजांत किंवा घरांत या गाड्यांचे कोरे भाग, भागांची चित्रसूची, कारखान्याचे नकाशे किंवा डाय शिल्लक असतील, त्यांनी ते भंगाराच्या वजनाने विकण्याआधी मोटारींच्या एखाद्या क्लबला किंवा जाणत्या कारागिराला माप घेण्यासाठी द्यावेत.